पार्सबरोच्या धक्क्यावर

ओहोटीला इथल्या बोटी चिखलात बसतात,
दोर सैल, पोटं उघडी.
सहा तासांनी पाणी चार मजले चढून येतं
आणि काही झालंच नव्हतं अशा थाटात
त्यांना उचलून घेतं.

मी ओडील कोमो. अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते.
वर्गात बावीस मुलं, त्यांतली नऊ
लॉबस्टरचा हंगाम लागला की फिरकत नाहीत.
उरलेल्यांना मी इथे आणते,
कारण फळ्यावर कृष्णविवर काढायला गेलं
तर खडू लावायचा राहिलेली जागा
एवढंच दिसतं.

"पृथ्वीला जास्त कोण ओढतं? सूर्य की चंद्र?"
सूर्य. दीडशे पटींहून जास्त.
"मग भरतीवर वरचष्मा चंद्राचा कसा?"
सगळे गप्प.
अलास्टर, एक बूट चिखलात रुतलेला,
म्हणतो, "मिस, तो जवळ राहतो म्हणून."

जवळ राहतो, म्हणून अलीकडच्या पाण्याला अंमळ जास्त ओढ,
पलीकडच्याला अंमळ कमी.
समुद्र चढतो तो या उण्याअधिकावर.
नुसत्या ओढीचं काही वाटत नाही, पोरांनो.
पडत असलेल्याला वजनच नसतं.
दुखतो तो फरक.

आता समजा, विवर एखाद्या ताऱ्याच्या वजनाचं.
पाय खाली एका जोराने, डोकं वर दुसऱ्या;
दारापर्यंत पोचायच्या आधीच
माणसाची शेवई होते.
आणि लाखो सूर्यांच्या वजनाचं असेल तर
उंबरा ओलांडताना ठेचसुद्धा लागत नाही.
(मोठ्या दारांना भ्यायचं की लहान,
हे परीक्षेत येणार नाही.)

ते काही तोंड उघडून ओढत बसत नाही.
सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं ठेवा:
आपण फिरतच राहू, गोठून, अंधारात,
वर्ष मात्र तेवढंच.
गरगरणारं असेल तर गोष्ट वेगळी.
ते भोवतालची जागाच सोबत घेऊन फिरतं;
अगदी जवळ गेलात की इंजिन कितीही रेटा,
एका जागी उभं राहणं नाही.
केप स्प्लिटला पाणी उलटतं तेव्हा
माझे वडील सुकाणू सोडून
सिगारेट पेटवायचे.

पुढचं मी मुलांना सांगत नाही.

माझा भाऊ लेओन्स
फोर्ट मॅकमरेला तेलाच्या कामावर गेला.
आधी दर रविवारी फोन. मग महिन्याने.
मग नाताळला, तोही उशिरा,
आवाज दर खेपेला थोडा अधिक खर्जात.
पडणाऱ्याचा उजेड असाच येतो बाहेर:
ताणलेला, तांबूस, दोन हाकांमधलं अंतर वाढत गेलेला.
इथून पाहणाऱ्याला तो पलीकडे गेलेला कधीच दिसत नाही.
माझ्यासाठी तो अजून बसथांब्यावरच आहे,
बाबांचं पिवळं रेनकोट घालून,
दर वर्षी जरा फिका.

एकदा विचारलं, "नक्की कधी गेलास रे?"
म्हणाला, "कळलंच नाही.
एक दिवस घर म्हटलं
आणि डोळ्यांपुढे तिकडची भिंत आली."

आईला पुरलं त्या दिवशी आम्ही
एकाच खड्ड्याच्या काठावर होतो, हाताच्या अंतरावर.
मी तिची नखं कापलेली, रात्री जागलेली;
तो सकाळच्या विमानाने आलेला.
मधल्या त्या हातभर जागेत
काय ताणलं जात होतं
ते मोजायला माझ्याकडे सूत्र आहे.
मी मोजलं नाही.

"मिस, आणि अगदी आत गेल्यावर? मधोमध काय?"
मधोमध असं ठिकाण तिथे उरत नाही, अलास्टर.
डावीकडे वळून चुकवता येतं ते ठिकाण.
हे उद्यासारखं असतं.

चला. पाणी फिरलं.
उद्या ते पन्नास मिनिटं उशिरा येईल, पण आज आलंय.
अलास्टर अजून ओढतोच आहे.
बूट राहू दे, म्हणते मी,
पाय काढ.